दाराशीं उभी असलेली विधवा
(कायदे करणारांचें निर्बलांसंबंधीं कर्तव्य : एक पाठ)

शास्त्रभाग : लूक १८ : १–८, नीतिसूत्रें ३१ : १–९, निर्गम १ : १५–२१.
पाठ करण्याचीं वचनें : नीतिसूत्रें ३१ : ८, ९.



लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांतील विधवेचा दाखला आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. एका गांवांत एक न्यायाधीश होता. त्यास देवाचें भय नव्हतें व माणसांची लाजही नव्हती. त्याच गांवची एक विधवा वारंवार त्याच्याकडे येऊन दाद मागे. तिच्यापाशीं पैसा नव्हता, पाठीशीं कोणी वजनदार मनुष्य नव्हता. होते ते तिचे दोन पाय आणि तिची वाणी. हा दाखला आपण बहुधा प्रार्थनेविषयीं शिकवितों, आणि तें योग्यच आहे. कारण शिष्यांनीं खचून न जातां प्रार्थना करावी म्हणूनच प्रभूनें तो सांगितला. परंतु या दाखल्यांतल्या दारास दोन बाजू आहेत. बाहेर विधवा उभी आहे; आंत एक अधिकारी बसला आहे, आणि तिचें येणें त्यास नुसता त्रास वाटतो. आजच्या पाठांत आपण दाराच्या आंत बसलेल्या मनुष्याचा विचार करूं.

आपल्या देशांत आतां राजा नाहीं. आपण मत देऊन ज्यांस पाठवितों ते लोक कायदे करितात. म्हणून प्रश्न असा कीं, कायदा करणाऱ्या मनुष्याचें निर्बलांसंबंधानें देवापुढें काय कर्तव्य आहे? या विषयाचा रोमन कॅथलिक मंडळीनें गेल्या सव्वाशे वर्षांत पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्या आणि आमच्या मतांत अंतर आहे व तें मी झांकून ठेवणार नाहीं. तरी शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी गोड असलें तर तें नाकारण्याचें कारण नाहीं. आणि विहिरीवरून हांकलून दिलें जाणें म्हणजे काय, हें आमच्या वाडवडिलांइतकें दुसऱ्या कोणास कळणार?

१. नागपुरांतील दार

नागपूर हें १९५६ सालापर्यंत मध्य प्रांताचें, म्हणजे पुढें जुन्या मध्य प्रदेशाचें, राजधानीचें शहर होतें. तो मान गेला. परंतु १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून महाराष्ट्राच्या विधिमंडळाचें एक अधिवेशन येथें भरत आलें आहे. बहुधा डिसेंबर महिन्यांत मंत्री व आमदार येथें येतात, आणि त्यांच्या मागोमाग मोर्चे येतात. कापसाचा भाव मागणारे शेतकरी, पगार मागणाऱ्या अंगणवाडीच्या बाया, जमिनीचा पट्टा मागणारे आदिवासी, असे लोक रस्त्यावर बसून राहतात. विधवेचा दाखला ज्यास डोळ्यांनीं पाहावयाचा असेल त्यानें त्या दिवसांत सीताबर्डीवरून एक फेरी मारावी.

ता. २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं या रस्त्यावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. गोवारी हे विदर्भांतील पिढीजात गुराखी, दुसऱ्यांचीं गुरें राखून पोट भरणारे लोक. आपली गणना अनुसूचित जमातींत व्हावी, ही त्यांची मागणी होती. बायका लेंकरें कडेवर घेऊन आल्या होत्या. कोणी मंत्री येऊन आपलें निवेदन घेईल, या आशेनें हजारों लोक अडथळ्यांमागें वाट पाहत राहिले. संध्याकाळच्या सुमारास गर्दी हलली, पोलिसांच्या लाठ्या चालल्या, आणि जी चेंगराचेंगरी झाली तिच्यांत ११४ माणसें मेलीं. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें होतीं. ज्या सभागृहांत कायदे होतात तें तेथून हांकेच्या अंतरावर होतें.

पुढें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. आदिवासी विकास खात्याच्या मंत्र्यांनीं राजीनामा दिला. चौकशी झाली. १९९५ साली गोवारींस विशेष मागास प्रवर्गांत घेण्यांत आलें. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्यांचा दावा मान्य केला, व २०२० च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. आज झीरो माइलजवळ त्या मृतांचें स्मारक आहे, आणि दर वर्षीं २३ नोव्हेंबरास त्यांचे आप्त तेथें फुलें वाहावयास येतात.

अनुसूचित जमातींची यादी बदलण्याचा अधिकार संविधानाच्या ३४२ व्या कलमाप्रमाणें संसदेचा आहे, आणि जे आधींच त्या यादींत आहेत त्यांचेंही म्हणणें ऐकलें गेलें पाहिजे. हा तंटा कोणत्या बाजूस तुटावा हें ठरविणें या पाठाचें काम नव्हे. परंतु एक गोष्ट सांगण्यास कायद्याची पदवी लागत नाहीं. मागणी मान्य करणें किंवा न करणें हा पुढचा प्रश्न. ती वेळेवर ऐकून घेणें हें पहिलें कर्तव्य. त्या दिवशीं आंतून एक मनुष्य उठून बाहेर आला असता व त्यानें हात पुढें करून तो कागद घेतला असता, तर कदाचित् तीं लेंकरें संध्याकाळीं घरीं गेलीं असतीं. दाखल्यांतील अन्यायी न्यायाधीशानेंसुद्धां अखेरीस विधवेचें ऐकलें, हें ध्यानांत ठेवावें.

२. शेजारच्या मंडळीची शिकवण

रोमन मंडळीच्या शिकवणींतील चार गोष्टी आपण येथें घेऊं.

पहिली : निर्बलाचा हक्क आधीं. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनीं मजुरांच्या स्थितीविषयीं एक प्रसिद्ध परिपत्र काढलें. त्यांतील एक विचार असा कीं, श्रीमंतास स्वतःचें रक्षण करण्याचीं पुष्कळ साधनें असतात, गरिबास राज्यावांचून आधार नसतो. म्हणून राज्यानें गरिबाची काळजी विशेष वाहावी. हें आपण आपल्या घरांतही पाळतों. चार लेंकरांत जें आजारी असतें त्याच्या उशाशीं आई बसते. त्यामुळें बाकीच्या तिघांवर अन्याय झाला, असें कोणी म्हणत नाहीं.

दुसरी : मनुष्यानें दोन जीवनें जगूं नयेत. रविवारीं देवाचा व सोमवारीं पक्षाचा, असा विश्वासी असूं शकत नाहीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ साली विश्वास व दैनिक व्यवहार यांच्या ताटातुटीस या काळच्या मोठ्या चुकांमध्यें गणलें, आणि २००२ साली रोमन मंडळीनें राजकारणांत वावरणाऱ्या आपल्या लोकांस हीच गोष्ट पुन्हां बजावली. जो आमदार म्हणतो, “माझ्या मनास हें पाप वाटतें खरें, पण सभागृहांत माझें मन मी बाहेर ठेवून येतों,” त्यास ही शिकवण विचारते, “मग आंत कोण बसला आहे?”

तिसरी : निर्बलांत निवड करूं नये. १९८३ साली अमेरिकेतील शिकागोचे आर्चबिशप कार्डिनल बर्नार्डिन यांनीं प्रभूच्या बिनशिवणीच्या अंगरख्याचा दृष्टांत घेतला. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायांत लिहिल्याप्रमाणें तो अंगरखा वरपासून खालपर्यंत एकच विणलेला होता, म्हणून शिपायांनीं तो फाडला नाहीं. तद्वत् मनुष्याचें जीवित आईच्या उदरापासून मरणापर्यंत एकच वस्त्र आहे. जो गर्भांतील बालकासाठीं बोलतो पण भुकेल्या बालकासाठीं बोलत नाहीं, त्यानें तें वस्त्र एका ठिकाणीं फाडलें. आणि जो गरिबासाठीं बोलतो पण गर्भांतील बालकाविषयीं मौन धरितो, त्यानें तें दुसऱ्या ठिकाणीं फाडलें.

चौथी : सर्व वाईट एकदम थांबवितां येत नसेल तर जेवढें थांबेल तेवढें थांबवावें. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९५ च्या परिपत्रांत म्हटलें कीं, ज्या प्रतिनिधीचें मत सर्वांस स्पष्ट ठाऊक आहे त्यास, पुरता चांगला कायदा होत नसतांना, हानि कमी करणाऱ्या अपुऱ्या कायद्याच्या बाजूनें मत देतां येतें. यांत तो वाइटाशीं करार करीत नाहीं. तो पाण्याला जमेल तेवढा बांध घालतो.

या मंडळीनें २००० साली इंग्लंडच्या टॉमस मोर यास राज्यकारभार करणाऱ्यांचा आदर्श म्हणून पुढें ठेविलें. तो राजाचा प्रधान होता. विवेकाविरुद्ध शपथ घेण्यापेक्षां त्यानें १५३५ साली शिरच्छेद पत्करला. परंतु आम्हां प्रॉटेस्टंटांस त्याच्या चरित्राचें दुसरें पानही वाचावें लागतें. तो प्रधान असतांना सुधारलेल्या मताच्या कांहीं लोकांस पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यांत आलें, आणि त्यास तें योग्य वाटलें. स्वतःच्या विवेकासाठीं प्राण देणें थोर आहे. दुसऱ्याच्या विवेकासाठीं त्याचे प्राण न घेणें हें त्याहून अवघड ठरलें. आणि आमच्याही पूर्वजांचे हात स्वच्छ नव्हते. जिनीव्हा शहरांत सुधारणावाद्यांच्या कारकीर्दींत १५५३ साली सर्व्हेटसला जाळण्यांत आलें. म्हणून कायदे करणाऱ्यास हा धडा दोन्हीं मंडळ्यांच्या पापांतून मिळतो कीं, जो आपल्या धर्माचा नाहीं तो निर्बलही आपल्याच राखणींत आहे.

मतभेदही सांगतों. पोपची आज्ञा आम्हांस बंधनकारक नाहीं. आमचें प्रमाण पवित्र शास्त्र आहे. आईचा जीव धोक्यांत असतां किंवा स्त्रीवर बळजबरी झाली असतां काय करावें, याविषयीं रोमन मंडळीचा नियम फार कडक आहे. आमच्या मंडळ्यांत त्यावर एकमत नाहीं. परंतु आतां जी गोष्ट सांगावयाची आहे तींत दोन्हीं मंडळ्यांचें एकच मत आहे.

३. जिला दाराशीं येतांच येत नाहीं ती

गोवारी बाया निदान दारापर्यंत आल्या. जिला पाय नाहींत, वाणी नाहीं आणि मतही नाहीं, तिचें काय? नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायांत लमुएल राजाला त्याची आई शिकविते कीं, ज्यांस स्वतः बोलतां येत नाहीं त्यांच्यासाठीं राजानें आपलें तोंड उघडावें. हा राजनीतीचा धडा कोणा पंडितानें नव्हे, आईनें दिला आहे, हें विशेष.

निर्गमाच्या पहिल्या अध्यायांत फारो राजानें सुइणींस हुकूम दिला कीं, इब्र्यांच्या बायकांना मुलगा झाल्यास मारावा व मुलगी झाल्यास ठेवावी. शिप्रा व पुवा या सुइणींनीं देवाचें भय धरून तो हुकूम मोडला. आमच्या काळीं हुकूम उलटा झाला : मुलगा ठेवावा, मुलगी नाहींशी करावी. आणि हा हुकूम कोणा राजानें दिला नाहीं. तो आमच्या घरांतून निघाला. गर्भांतील दोष ओळखण्यासाठीं निघालेल्या तपासण्या मुलगी ओळखण्यासाठीं वापरल्या जाऊं लागल्या. १९७१ च्या कायद्यानें ठराविक कारणांसाठीं गर्भपातास परवानगी होती; मुलगी नको हें कारण त्यांत कोठेंही नव्हतें. तरी त्या परवानगीच्या आडून हा धंदा चालला.

मुंबईंतील स्त्रिया, डॉक्टर व कार्यकर्ते यांनीं याविरुद्ध ओरड केली, आणि १९८८ साली महाराष्ट्र विधिमंडळानें गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला. देशांत असा कायदा करणारें हें पहिलें राज्य होय. ज्यांस मत नाहीं, ज्यांजकडून देणगी नाहीं, ज्यांचा मोर्चा कधीं निघणार नाहीं, अशांसाठीं आमदारांनीं कायदा केला, हें आपण कृतज्ञतेनें स्मरावें. कायदा अपुरा होता. नागपूरहून थोडें उत्तरेस गेलें कीं राज्याची हद्द संपते, आणि हद्दीपलीकडे तो लागूं नव्हता. परंतु वर सांगितलेली चौथी शिकवण येथें खरी ठरली. अपुऱ्या बांधावर पुढचा बांध उभा राहिला. संसदेनें १९९४ साली सर्व देशासाठीं कायदा केला व तो १९९६ पासून अमलांत आला. तो कागदावरच राहिला, तेव्हां २००० साली महाराष्ट्रांतील सेहत व मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनीं सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. न्यायालयानें सरकारांस खडसाविलें आणि २००३ साली कायदा अधिक कडक झाला. विधवा पुन्हां पुन्हां दाराशीं गेली, म्हणून दार उघडलें.

४. कायद्याचा हात कोठपर्यंत पोंचतो

इतकें होऊनही आंकडे काय सांगतात? महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागें मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३ झाल्या, आणि २०११ च्या जनगणनेंत ८९४ च राहिल्या. म्हणजे कायदा असतांनाच मुली घटल्या. मग कायदा फुकट गेला काय? नाहीं. कुंपण मोडून ढोर शेतांत शिरलें म्हणून कोणी कुंपण काढून टाकीत नाहीं. परंतु कायदा हात धरूं शकतो, अंतःकरण बदलूं शकत नाहीं, हें प्रेषित पौलानें रोमकरांस आधींच शिकविलें आहे. सातारा जिल्ह्यांत मुली नको झाल्या म्हणून ज्यांचें नांवच ‘नकोशी’ ठेविलें होतें, अशा २८५ मुलींना २०११ च्या ऑक्टोबरांत समारंभानें नवीं नांवें देण्यांत आलीं. जें कायद्याच्या कोणत्याही कलमांत बसलें नसतें तें काम त्या एका दिवशीं झालें.

माझ्या स्वतःच्या सेवेंतील एक गोष्ट सांगतों. एका खेड्यांत एका विश्वासी बहिणीला तिसरी मुलगी झाली. पहिल्या मुलाच्या वेळीं ज्या मंडळींत पेढे वांटले जातात त्याच मंडळींत त्या आठवड्यांत कोणी तिच्या दारांत गेलें नाहीं. मीही गेलों नाहीं; मला दुसऱ्या गांवीं उपासना होती, असें मी मनाशीं म्हटलें. महिन्याभरानें ती अर्पणविधीसाठीं बाळ घेऊन आली तेव्हां हळूच म्हणाली, “पाळकसाहेब, हिच्यासाठीं प्रार्थना तेवढीच मोठी कराल ना?” त्या दिवशीं मला कळलें कीं, दाराच्या आंत बसलेला तो मनुष्य केवळ विधानभवनांत नसतो.

५. आपलें काम

कोणी म्हणेल, आम्हीं खेड्यांतील माणसें. कायदा करणें आमच्या हातीं कोठें? हें खरें नव्हे. पंडिता रमाबाई १८८२ साली चोवीस वर्षांच्या एक विधवा होत्या. त्यांनीं शिक्षणाविषयीं नेमलेल्या हंटर आयोगापुढें पुण्यास साक्ष दिली आणि स्त्रियांसाठीं शिक्षिका व स्त्री-डॉक्टर असावेत असें निर्भयपणें मागितलें. त्यांस मत देण्याचा अधिकारही नव्हता. आज तो आपणां सर्वांस आहे, आणि महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखलेल्या आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवाचें उदाहरण घ्या. २०२२ च्या मे महिन्यांत तेथील ग्रामसभेनें ठराव केला कीं, नवरा मेल्यावर बायकोचें कुंकू पुसणें, मंगळसूत्र तोडणें, बांगड्या फोडणें या चाली आपल्या गांवांत बंद. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीं हा कित्ता गिरवावा असें सुचविलें. मुंबईनें शिकवावें व खेड्यानें शिकावें, हा क्रम येथें उलटला. प्रभूच्या दाखल्यांतील विधवा एका गांवच्या दाराशीं आली, आणि त्या गांवानें तिला आंत घेतलें.

म्हणून प्रत्येक मंडळींत चार गोष्टी व्हाव्यात. पहिली, ग्रामसभेच्या दिवशीं मंडळीच्या स्त्रीपुरुषांनीं हजर राहावें, आणि आपल्या वस्तीच्या नळापुरतें न बोलतां, जी बाई बोलूं शकत नाहीं तिच्या रेशनकार्डाविषयींही बोलावें. दुसरी, मत मागावयास येणाऱ्यास जात व जेवण यांऐवजीं एक प्रश्न विचारावा : “आमच्या गांवांतल्या सर्वांत दुबळ्या घरासाठीं तुम्हीं काय केलें?” तिसरी, उपदेशकांनीं रविवारच्या प्रार्थनेंत आमदार-खासदारांचीं नांवें घ्यावीं, तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत ही आज्ञा आहे, आणि ज्याच्यासाठीं आपण प्रार्थना करितों त्यास जाब विचारण्यासही धीर येतो. चौथी, मुलगी जन्मली कीं पाळक, उपदेशक व बायबलबाई यांनीं त्या घरीं त्याच आठवड्यांत जावें, आणि पेढे मंडळीनें न्यावे.

शेवटीं पुन्हां त्या दाखल्याकडे वळूं. प्रभु येशूनें तो एका प्रश्नानें संपविला : मनुष्याचा पुत्र येईल तेव्हां त्यास पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? निर्बलाच्या दाव्याची गोष्ट सांगतां सांगतां त्यानें विश्वासाचा प्रश्न विचारला, कारण त्याच्या दृष्टीनें हे दोन प्रश्न वेगळे नाहींत. जे दाराबाहेर उभे आहेत त्यांस देव धीर देवो. जे आंत बसले आहेत त्यांस कान देवो. आणि आपण ज्या ज्या दाराच्या आंत बसलों आहों तें तें दार उघडण्यास आपणांस बळ देवो. आमेन.

चर्चेसाठीं प्रश्न

१. आपल्या गांवांत दाराशीं येऊन उभें राहण्याचेंही सामर्थ्य ज्यांस नाहीं, अशीं माणसें कोणतीं?
२. पुरता चांगला कायदा होत नसतां अपुऱ्या कायद्यास मत द्यावें काय? १९८८ च्या कायद्यावरून विचार करा.
३. शिप्रा व पुवा यांनीं हुकूम मोडला, आणि आपण चांगला कायदा असतांनाही तो मोडतों. दोहोंत देवाचें भय कोठें आहे व कोठें नाहीं?
४. गेल्या वर्षीं आपल्या मंडळींत जन्मलेल्या मुलींपैकीं किती घरीं आपण गेलों?